अळणी

बेचाळीस वर्षे दुसऱ्यांना जेवू घालून ज्याने आपले पोट भरले, त्याला सुटीच्या दिवसांत तरी चुलीपासून चार हात दूर ठेवावे, असे कोणाही समंजस माणसाला वाटेल. परंतु माझ्या मुलीला तसे वाटले नाही. २०१८ सालच्या जून महिन्यात मी तिच्याकडे फ्रान्समधील ल्यों या शहरी गेलो. पहिला आठवडा दोन नद्या, त्यांवरील पूल, देवळे आणि टेकड्या पाहण्यात गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात या म्हाताऱ्याची काय तजवीज लावावी, असा पेच तिच्यापुढे पडला असावा, कारण एके दिवशी संध्याकाळी कामावरून येताच तिने एक छापील कागद माझ्या हाती ठेवला आणि, "बाबा, सोमवारपासून चार दिवस तुमचं नाव स्वयंपाकाच्या वर्गात घातलंय. नाही म्हणू नका, पैसे भरून झालेत," असे एका दमात सांगून ती आत निघून गेली. पैसे किती भरले हे तिने मला अखेरपर्यंत कळू दिले नाही. कळले असते तर मी गेलो नसतो, हे तिला पक्के ठाऊक होते.

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. ज्याच्या हातचे जेवून कॉलेजची पोरे वकील झाली, इंजिनिअर झाली, ज्याच्या पंक्तीला कचेरीतील अव्वल कारकुनापासून लष्करातील सुभेदारापर्यंत सर्व दर्जाची माणसे मांडीला मांडी लावून बसली, त्याने अडुसष्टाव्या वर्षी कमरेला फडके बांधून कांदा कसा चिरावा याचे पाठ घ्यायचे, ही कल्पनाच मला अपमानाची वाटली. आज मागे वळून पाहता त्या रागात अभिमान थोडा होता आणि भीती फार होती, असे दिसते. मी कोणाकडून काही शिकून आता जवळजवळ अर्धे शतक लोटले होते, आणि शिकायचे म्हणजे प्रथम चुकायचे, ही गोष्ट माझ्या अंगवळणी राहिली नव्हती.

आमचे मूळ घर निपाणीचे. वडील तंबाखूच्या एका वखारीत तोलाईचे काम करीत. निपाणीत जन्मलेल्या माणसाच्या नाकात तो वास असा मुरलेला असतो की त्याला तो येतच नाही. गाव सोडून महिनाभर लोटल्यावर परत येताना स्तवनिधीचा घाट उतरू लागलो की तो प्रथमच आल्यासारखा येतो, आणि मग आपण कशात वाढलो ते कळते. वडिलांचा दमा आणि त्या वखारीची धूळ यांचा संबंध त्या काळी कोणी जोडला नाही. १९६२ च्या पावसाळ्यात ते गेले, आणि पुढल्याच वर्षी आईने आम्हां दोघां भावंडांना घेऊन बेळगाव गाठले. टिळकवाडीतील एका जुन्या घराच्या मागल्या दोन खोल्या तिने भाड्याने घेतल्या. राणी पार्वतीदेवी कॉलेज हाकेच्या अंतरावर होते. त्यामुळे चंदगड, खानापूर, गडहिंग्लज या बाजूंहून शिकायला आलेल्या मुलांची वाण नव्हती. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३५ रुपये. बुधवारी आणि रविवारी मटण, त्याचा हिशेब निराळा. मुले तिला काकी म्हणत, आणि पैसे थकले की काकींच्या पाया अंमळ जास्त वेळा पडत.

ही काकी मला स्वयंपाक शिकवणारी एकमेव व्यक्ती. परंतु 'शिकवणे' हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. किती मीठ, असे विचारले तर "लागेल तेवढं" हे उत्तर. केव्हा उतरवू, असे विचारले तर "झालं की". तिचा तो उर्मटपणा नव्हता. तिला स्वतःला कोणी शब्दांत काही सांगितले नव्हते आणि तिच्या हाताला सर्व काही कळत होते. हाताला जे कळते ते तोंडाने सांगता यावे, अशी अपेक्षाच तिच्या जगात नव्हती. १९७२ साली इंटरला दुसऱ्यांदा नापास होऊन मी तिच्या हाताखाली उभा राहिलो, तेव्हा मापटे आणि चिपटे यांपलीकडे आमच्या स्वयंपाकघरात मोजमाप असे नव्हते. तराजू होता तो धान्य विकत घेताना वाण्याने फसवू नये म्हणून.

ल्यों शहराविषयी मुलीने मला जी माहिती पुरवली तीत एका गोष्टीने माझे कान टवकारले. त्या शहराची खाद्यकीर्ती मोठमोठ्या हॉटेलांनी नव्हे, तर स्त्रियांनी उभी केली. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बायका चाकरी सोडून स्वतःच्या लहानशा खानावळी घालीत, आणि गिऱ्हाइके त्यांना 'मेर', म्हणजे आई, असे म्हणत. त्यांच्यापैकी युजेनी ब्राझिये ही खेडेगावात डुकरे राखणारी आईवेगळी मुलगी. तिने १९२१ साली र्‍यू रॉयाल या रस्त्यावर खानावळ घातली आणि १९३३ साली तिच्या दोन निरनिराळ्या खानावळींना मिशलॅं या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने एकाच वेळी तीन-तीन तारे दिले. ज्या पॉल बोक्यूझ या आचाऱ्याचे नाव आज त्या शहराच्या मोठ्या मंडईला दिलेले आहे आणि जो मी जाण्यापूर्वी पाचच महिने आधी वारला, त्याने उमेदीच्या दिवसांत या बाईच्या हाताखाली काम केले होते. भांडी तर घासलीच, पण गाईंच्या धारा काढणे आणि कपडे धुणेही त्याच्या वाट्याला आले, असे सांगतात. हे ऐकल्यावर माझा राग निम्म्याने उतरला. टिळकवाडीच्या काकीला कोणी तारे दिले नाहीत. पण आपण निदान ओळखीच्या मुलुखात आलो आहोत, असे वाटले.

मुलुख ओळखीचा वाटण्यास आणखी एक कारण होते. मुलीचे घर क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर होते, आणि ती टेकडी म्हणजे एके काळची रेशीम विणकरांची वस्ती. घरांची छते अवाच्या सवा उंच; जॅकार्डचे माग आत मावावेत म्हणून ती तशी बांधलेली. १८३१ आणि १८३४ साली याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी बंड केले होते. आमच्या बेळगावातील शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून ज्याने मागांचा खडखडाट ऐकत आयुष्य काढले, त्याला त्या निःशब्द झालेल्या उंच घरांकडे पाहून थोडे चमत्कारिक वाटते. तेथे एक पदार्थ मिळतो, त्याचे नाव 'विणकराचा मेंदू'. ऐकून दचकावे, आणि ताटात पाहावे तो आमचा चक्काच, त्यात लसूण, कांदा आणि हिरवी पात कुस्करलेली! शहाण्या मालकांनी गरीब विणकरांच्या अकलेची केलेली ही थट्टा आता शहराचा अभिमान होऊन बसली आहे.

वर्गात आम्ही सहा जण होतो. एक जर्मन जोडपे, एक जपानी तरुणी, दोन अमेरिकन मैत्रिणी, आणि मी. शिकवणारी बाई पस्तिशीची असावी. हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले, त्यामुळे तिच्याविषयी माझे मत चटकन बरे झाले. ती इंग्रजीत बोले आणि अडले की हाताने करून दाखवी. माझ्या इंटरच्या इंग्रजीला तेवढे पुरे होते. पहिल्या दिवशी चूल पेटलीच नाही. आधी सर्व जिन्नस निवडून, चिरून, तोलून, वाट्यांतून ओळीने मांडायचे. त्याला ते 'मिझ आं प्लास' म्हणतात. ही शिस्त एस्कोफिये नामक आचाऱ्याने बसवली. तो १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात फौजेच्या मुदपाकखान्यात होता आणि तेथील कवायतीचा शिरस्ता त्याने पुढे हॉटेलांत आणला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बिगूल ऐकत ज्याची सकाळ होत असे अशा बेळगावकराला यात नवल वाटू नये. पण आमच्या खानावळीत फोडणीत मोहरी तडतडू लागल्यावर कढीपत्ता कोणी आणायचा यावरून जो आरडाओरडा बेचाळीस वर्षे नित्यनेमाने होत असे, तो आठवून मी मनातल्या मनात ओशाळलो.

त्यानंतर सुरी. माझा हात विळीवर बसलेला. विळीवर पाते स्थिर असते आणि आपला हात कांदा घेऊन त्यावर चालतो. येथे कांदा स्थिर आणि पाते चालते. सांगायला हा फरक केवढासा. परंतु पन्नास वर्षे एका दिशेने वाहिलेल्या मनगटाला तो उलट्या प्रवाहासारखा वाटला. बाईने माझी बोटे धरून आत वळवली, नखे आत आणि पेरे पुढे, जणू मूठ अर्धी मिटलेली, आणि म्हणाली की पात्याने पेराला घासून जावे, म्हणजे नख सुरक्षित राहते. का असे धरायचे, हे तिने न विचारता सांगितले. जपानी मुलीचा कांदा मोत्यासारखा चिरून झाला तेव्हा माझा निम्मा जमिनीवर होता. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

दुसरा दिवस माझा होता. म्हणजे मी तसे समजून गेलो होतो. कारण त्या दिवशी 'फों' करायचा होता. फों म्हणजे तळ, पाया. हाडे आणि भाज्या मंद आंचेवर तासन्‌तास शिजवून काढलेला तो रस म्हणजे त्यांच्या अर्ध्याअधिक स्वयंपाकाचा पाया होय. त्या रसात लोण्यात परतलेला मैदा घालून, शेवटी साय आणि अंड्याचा बलक मिसळून ते जे पांढरे कालवण करतात, ते मूळचे वासराच्या मांसाचे. मी संकोचून तसे सांगितल्यावर बाईने माझ्यासाठी कोंबडी आणवली. सगळी कृती ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे आमचा पांढरा रस्सा उभा राहिला. मटण शिजवून काढलेले अळणी, त्याला मैद्याऐवजी खसखस, तीळ आणि काजूचे वाटण, सायीऐवजी नारळाचे दूध. आणि बलक घातल्यावर उकळू देऊ नका, फुटेल, हा त्यांचा इशारा तर नारळाचे दूध घातल्यावर आईने मला दिलेल्या इशाऱ्याचा शब्दशः तर्जुमा. आता या बाईला आपण दोन गोष्टी शिकवू, अशा उमेदीने मी पुढे सरसावलो.

भांड्यात हाडे पडली, गार पाणी पडले. गारच का? तर उकळत्या पाण्यात मांसाचा पांढरा अंश एकदम गोठतो आणि रस गढूळ होतो; गार पाणी हळूहळू तापले म्हणजे तो फेसाच्या रूपाने वर येतो आणि पळीने काढून टाकता येतो. गाजर पडले, लवंगा टोचलेला कांदा पडला, तमालपत्राची जुडी पडली. बाई जर्मन जोडप्याकडे वळली, आणि माझ्या उजव्या हाताने, माझी परवानगी न घेता, शेजारच्या बरणीतून चिमूटभर नव्हे, चांगले मूठभर मीठ घेऊन भांड्यात टाकले. बेचाळीस वर्षांत या हाताने शिजत्या मटणात मीठ टाकले नाही असा एकही बुधवार-रविवार गेलेला नव्हता.

दोन तासांनी तिने सहाही भांड्यांतील रस चाखला. माझ्या भांड्यापाशी ती थबकली. रागावली नाही, हसलीही नाही. तिने माझ्या भांड्यातील एक मोठा पेला रस आणि जपानी मुलीच्या भांड्यातील तेवढाच रस असे दोन लहान पातेल्यांत घेतले आणि दोन्ही मोठ्या आंचेवर ठेवले. ते आटून तिसऱ्या हिश्शावर आले, तेव्हा सहा चमचे मागवून आम्हां सर्वांना दोन्ही चाखायला लावले. जपानी मुलीचा रस दाट आणि गोडसर झाला होता. माझा तोंडात धरवेना. "पाणी उडून जाते," ती सावकाश म्हणाली, "मीठ कोठे जाणार? पाया अळणी हवा. मीठ सर्वांत शेवटी, ताटात जाण्याआधी." तिने इंग्रजीत अर्थातच 'मीठ नसलेला' असे म्हटले होते, परंतु माझ्या मनाने तो शब्द ऐकला तो 'अळणी' असाच ऐकला, आणि चमचा हातात तसाच धरून मी कितीतरी वेळ उभा राहिलो.

कारण हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारण्यात आलेला होता.

१९८७ सालची गोष्ट. हुक्केरीकडचा एक चौदा वर्षांचा मुलगा खानावळीत हरकाम्या म्हणून होता. त्या वयाच्या मुलाला कामास ठेवणे तेव्हा कोणाला गैर वाटत नसे. मलाही वाटले नाही, आणि आज वाटते एवढेच सांगू शकतो. त्याची भाषा कानडी; मराठी त्याने आमच्या पंक्तीत वाढता वाढता उचलली होती, आणि आमच्या सीमाभागात जसे घडते तसे एकाच वाक्यात तो दोन्ही भाषा सुखाने नांदवीत असे. आमचे एक कायमचे दुखणे होते: दुपारी ठीक असलेला रस्सा रात्रीच्या पंक्तीला पुन्हा उकळला की खारट होई. मग त्यात कणकेचा गोळा सोड, बटाटे टाक, पाणी वाढव, नाना हिकमती. आणि शिव्या कोणाला, तर हाताखालच्या पोराला. एका रविवारी मी मटणात मीठ टाकीत असता तो मुलगा शेजारी लसूण सोलत बसला होता. त्याने वर पाहून विचारले, "मालक, अळणी म्हंजे मीठ नसल्यालं न्हवं? मग उप्पु याक्री?"

अळणी म्हणता, मग मीठ का? माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसते तेव्हा मालकाच्या हातात जे असते ते पुढे येते. माझ्या हातात पळी होती. ती गरम होती हे मला नंतर कळले. पंक्तीची वेळ झाली होती, दारात मुले खोळंबली होती, ही कारणे मी त्या वेळी स्वतःला दिली आणि ती पुष्कळ दिवस पुरली. दिवाळीला गावी गेला तो मुलगा परत आला नाही. नवा मुलगा आला. तो काही विचारीत नसे, आणि त्याचा मला आनंद वाटे.

शब्द आमचा होता. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या रसाला अळणी म्हणत आलो. सबंध पाककृती त्या एका शब्दात कोणीतरी शहाण्याने जपून ठेवली होती, आणि मी, ज्याची मातृभाषा ती, तो शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारीत त्यात मूठभर मीठ टाकीत राहिलो. तो ज्याला ऐकू आला त्याची मातृभाषा कानडी होती.

त्या रात्री मुलीने विचारले, "कसा झाला वर्ग?" मी म्हटले, "बरा." तिला त्या मुलाची आठवण असणे शक्य नव्हते, तिचा जन्म त्यानंतरचा.

तिसऱ्या दिवशी मी गप्प होतो. म्हणून की काय, त्या दिवशी माझा मान राखला गेला. बाई लोणी तापवीत होती. 'बर न्वाझेत' म्हणजे लोणी बदामी रंगावर कढवायचे, इतके की त्याला हेझलनटसारखा खमंग वास यावा, आणि क्षणभर पुढे गेले तर करपावे. सर्वजण पातेल्यात डोकावून रंग पाहू लागले. ती म्हणाली, "पाहू नका, ऐका." लोण्यात शंभरात सोळा भाग पाणी असते, ते उडून जाईपर्यंत तडतड चालते, पाणी संपले की आवाज बसतो, आणि मग रंग चढायला लागतो. मी न राहवून म्हणालो, "माझी आई म्हणत असे, तूप बोलायचे थांबले की उतरव." बाईने आंच बंद करून माझ्याकडे पाहिले आणि वही-पेन्सिल काढली. आमच्याकडे कढत्या तुपात विड्याचे पान टाकतात, हेही मी सांगितले. तिने ते लिहून घेतले आणि विचारले, "पान का?" मी म्हणालो, "आमची पद्धत आहे." तिची पेन्सिल थांबली. तिने वही मिटली नाही, पण पुढे काही लिहिलेही नाही.

घरी परतताना टेकडीच्या पायऱ्या चढता चढता, कितव्या तरी पायरीवर, मला ते उमगले: पान कुरकुरीत झाले म्हणजे पाणी गेले. ज्याला ऐकू कमी येते त्याच्यासाठी डोळ्यांची खूण! वास ही वरकमाई. आईला नवऱ्याच्या पश्चात एका कानाने कमी ऐकू येत असे, हेही त्याच पायरीवर आठवले. दुसऱ्या दिवशी जाताच मी बाईला ते सांगितले, तेव्हा तिने वहीचे तेच पान उघडून उरलेली ओळ पुरी केली. चौथ्या दिवशी काय शिकवले ते मला फारसे आठवत नाही. पातळ घावने होती. ती पाहून बेळगावचे मांडे आठवले, उलट्या खापरावर हातभर पसरणारे, आणि मांडे करणाऱ्या बाईच्या मनगटाशी तुलना करता ती घावने अगदीच पोरखेळ वाटली. हे मी कोणाला बोलून दाखवले नाही.

मी खानावळ २०१४ साली बंद केली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले, आणि आता पाटी कोणत्या नावाने रंगवायची हा वाद मला परस्पर चुकवता आला, असे मी थट्टेने म्हणत असे. खरे कारण गुडघे. तेव्हा ल्योंहून परतल्यावर नव्या ज्ञानाचा प्रयोग करायला माझ्याकडे ना चूल उरली होती ना पंक्ती. परंतु तो हुक्केरीचा मुलगा काय करतो, याचा पत्ता मला होता. सीमाभाग तेवढा मोठा नाही. संकेश्वरच्या पुढे निपाणीच्या वाटेवर हमरस्त्याला त्याचा ढाबा आहे, मटण चांगले मिळते, असे ट्रक वाहतुकीतील एका जुन्या गिऱ्हाइकाने मला कैक वर्षांपूर्वीच सांगितले होते. मी त्या रस्त्याने शंभरदा गेलो असेन आणि शंभरही वेळा खिडकीतून दुसऱ्या बाजूला पाहिले होते.

ऑगस्टमध्ये निपाणीला एका लग्नसंबंधाच्या बोलाचालीला जाऊन परत येताना मी तेथे उतरलो. रात्रीचे आठ वाजले असतील. पाऊस झिमझिम पडत होता. गल्ल्यावर एक पोरगा, आणि चुलीपाशी पंचेचाळिशीचा, केस पांढरे होऊ लागलेला माणूस. त्याने मला पाहताच ओळखले. "मालक, तुमी? बसा, बसा की." मी बसलो. ताट आले. मनाशी जुळवून आणलेली वाक्ये पुष्कळ होती, ती सर्व सोडून मी एकदम म्हणालो, "तू एकदा मला अळणीतल्या मिठाचं विचारलं होतंस. मी तुला पळी मारली होती."

तो विचारात पडला. मग हसला. "मारलं हुतंसा? असंल. अवो मालक, त्या वयात कुनी न्हाई मारलं? कुनाकुनाचं ध्येनात ठिवायचं?"

मी म्हणालो, "बरोबर विचारलं होतंस तू. मीठ घालायचं नसतं त्यात. शेवटी घालायचं."

"आँ?" तो म्हणाला. "म्या तर घालतो की पैल्यांदाच."

"का?"

"मटनाला मीठ लागाय नको? गिऱ्हाईक बोटी खातंय, नुस्ता रस्सा पीत न्हाई. मागनं घातल्यालं मीठ बोटीत शिरत न्हाई."

"मग रात्री खारट होत नाही?"

"रातच्याला ठिवतोय कोन? दोन किलोचं भगुनं चढवायचं, सपलं की दुसरं." तो वाटी पुसता पुसता क्षणभर थांबला. "तुमच्याकडं सकाळचंच रातच्याला चालायचं न्हवं? म्हनून इचारलं असंल म्या."

माझ्यापुढे पांढरा रस्सा होता. तो मी चाखला, आणि मीठ जेथे असायला हवे तेथे होते. पहिली वाटी संपली, दुसरी संपली. तिसरी त्याने न विचारता वाढली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. परंतु गल्ल्यावरच्या पोराला मी कोण हे ठाऊक नसावे, त्याने १८० रुपयांचे बिल लिहून माझ्यापुढे सरकवले, आणि बापाचे लक्ष तव्याकडे आहे असे पाहून मी ते चटकन चुकते केले.